चुकांचं कपाट

बाई,

परवा माईक हातात आला तेव्हा मला चार वाक्यंही धड बोलता आली नाहीत. "साळवे बाई आमच्या शाळेचा आधार होत्या. त्यांनी कितीतरी विद्यार्थी घडवले," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. तुम्ही ऐकलं असतंत तर म्हणाला असतात, हे कुठल्याही बाईंना चालेल की रे. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला दौंडची, मांडवगणची, पार शिरूरची माणसं आली होती. प्रज्ञा पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसली होती. माझं नाव तिनंच पुकारायला सांगितलं होतं. गेले साडेतीन महिने दर रविवारी मी तुमच्या घरी येत होतो, तेव्हा आईबद्दल सांगण्यासारखं ह्याच्याकडे खूप असेल असं तिला वाटलं. होतंच. पण ते मांडवात माईकवर सांगण्यासारखं नव्हतं.

तुम्ही गेल्याचा निरोप शाळेच्या ग्रुपवर आला तेव्हा माझा नववीचा तास चालू होता. मी निरोप वाचला, फोन खिशात ठेवला आणि उदाहरण पुरं केलं. मग दुसरं दिलं. घंटा झाल्यावर तीस टॅब गोळा केले, मोजले, चार्जिंगच्या पेटीत एकेक लावले. एका वायरीचा दिवा लागत नव्हता, तर ती काढून दुसरी लावली. मग ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते बरं दिसेना म्हणून पुसलं आणि परत तेच पाठवलं. त्याला आता बारा दिवस झाले. मला रडू आलेलं नाही. जेवतो, झोपतो, तास घेतो. बायको विचारते, ठीक आहे ना? मी म्हणतो, ठीक आहे.

सात वर्षांपूर्वी मी मांडवगण फराट्याच्या शाळेत रुजू झालो तेव्हा तुमची तिथं पंचवीस वर्षं होऊन गेली होती. तुम्ही रोज दौंडहून यायचात. एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीप. खांद्याला कापडी पिशवी आणि तिच्यात वह्या. पहिल्या महिन्यातच मी आठवीच्या वर्गात फळ्यावर चुकलो. छेद काढताना एक आकडा हुकला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं ते सांगितलं आणि मी तिला गप्प बस म्हणालो. तुम्ही शेजारच्या वर्गात होतात, दार उघडं होतं. मधल्या सुट्टीत तुम्ही मला डब्यातली मेथीची भाजी वाढलीत आणि काही वेगळं बोलतोय असं न दाखवता म्हणालात, "संदीप, तू चुकलास ते पोरं दोन दिवसांत विसरतील. तू तिला गप्प केलंस, ते नाही विसरायची."

मला राग आला होता. पण त्या भाजीसकट मी तो गिळला. त्या दिवसापासून मला कुठं काही अडलं की मी तुमच्याकडेच आलो. बी.एड.ला जे शिकवलं नव्हतं ते मी त्या स्टाफरूममध्ये शिकलो. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही असं काही ऐकून घेणाऱ्या नव्हतात.

मग टॅब आले. एमआयडीसीतल्या एका कंपनीनं शाळेला तीस टॅब दिले आणि मुख्याध्यापकांनी ते माझ्या ताब्यात दिले. मी हुरळून गेलो. तोवर साठ वह्या तपासायला मला तीन दिवस लागायचे. आता पोरांनी उत्तर दाबलं की पडद्यावर हिरवं नाहीतर लाल, आणि तास संपायच्या आत कुणाला काय येतं त्याची यादी माझ्यासमोर. मी मुख्याध्यापकांना लिहून दिलं की पुढच्या वर्षापासून गणिताचा तास बिनकागदाचा करू. चाचणी टॅबवर, सराव टॅबवर, गृहपाठ घरच्या मोबाइलवर. त्यांनी तो कागद फ्रेम करून लावायचा तेवढा बाकी ठेवला.

तुम्ही विरोध केला नाहीत. तुम्ही प्रश्न विचारलात, ते जास्त अवघड होतं. "लाल झालं म्हणजे चुकलं, हे कळलं. कुठं चुकलं ते कुठं दिसतं?"

मी म्हणालो, पुढच्या आवृत्तीत तेही येणार आहे.

"पोरगं चुकतं ना, तेव्हा ते डोकं चालवत असतं," तुम्ही म्हणालात. "बरोबर उत्तर काय, पाठही असतं. मला त्याचं चुकलेलं बघायचं असतं."

वैष्णवीवरून तर आपलं वर्षभर वाजलं. ही पोरगी वही बाकाखाली धरून लिहायची. अक्षर वाईट म्हणून कुणाला दाखवायची नाही. टॅबवर ती भराभर पुढं गेली. मी तुम्हाला तिची हिरवी यादी दाखवली तेव्हा तुम्ही ती शेवटपर्यंत वाचलीत आणि म्हणालात, "हे मला जमलं नव्हतं." मग चार दिवसांनी तिच्या शेजारी बसून बघितलंत. ती चार पर्यायांवर एकामागून एक बोट ठेवत होती, हिरवं होईपर्यंत. तुम्ही मला बाहेर बोलावून ते सांगितलंत. मी म्हणालो, पण ती आता वर्गात हात वर करते, ते काय कमी आहे? तुम्ही म्हणालात, हात वर करते ते खरं. ह्या भांडणाचा निकाल लागलाच नाही. बाई, मला अजूनही वाटतं की त्यात माझं निम्मं तरी बरोबर होतं.

एकदा शाळा सुटल्यावर मी तुम्हाला टॅबवर त्रिकोण दाखवला होता. एक शिरोबिंदू बोटानं ओढला की त्रिकोण बदलतो, तिन्ही कोनांची मापं बदलतात आणि खाली बेरीज मात्र एकशे ऐंशीच राहते. तुम्ही इतकी वर्षं पोरांना कागदाचा त्रिकोण कापून, त्याचे कोपरे फाडून शेजारी शेजारी मांडायला लावायचात. तुम्ही टॅब माझ्या हातातून घेतलात आणि तो बिंदू ओढत ओढत पार कडेला नेलात. त्रिकोण दोऱ्यासारखा बारीक झाला, तरी एकशे ऐंशी. तुमची जीप निघून गेली. तुम्ही हसत होतात. "हे कागदावर नाही जमायचं," म्हणालात. मग टॅब परत देताना, "पण मशीन म्हणतंय म्हणून एकशे ऐंशी, असं नको वाटायला त्यांना." तुमचं शेवटचं वाक्य नेहमी असंच असायचं.

आता कपाटाचं सांगतो.

गणिताच्या खोलीतलं ते हिरवं लोखंडी कपाट तुमचं होतं. त्यात तुम्ही दर वर्षीच्या पोरांचे चुकलेले कागद ठेवले होते. चाचणीचे, गृहपाठाचे, कुठं नुसतं वहीतलं फाडलेलं पान. प्रत्येक चुकीचा वेगळा गठ्ठा, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तुमच्या अक्षरात नाव. 'वजा हरवला.' 'मधलं पद गाळलं.' 'अंशात अंश, छेदात छेद.' नवीन धडा सुरू झाला की तुम्ही त्यातला एखादा कागद काढायचात, नाव दुमडून आत घालायचात आणि वर्गात फिरवायचात. हा तुमच्यासारखाच एक जण होता, कुठं वाट चुकला बघा. एका पोरानं अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहिलं होतं. तो कागद तर पिवळा पडून घडीवर फाटला होता. तुम्ही विचारायचात, अर्धी भाकरी खाल्ली, वर आणखी थोडी खाल्ली, आणि सगळी मिळून अर्ध्याहून कमी कशी भरली? पोरं हसायची आणि मग गप्प व्हायची. त्या गप्प होण्यासाठी तुम्ही ते कपाट सांभाळलं होतं.

मागच्या मे महिन्यात ती खोली डिजिटल वर्गासाठी रंगवायची ठरलं. तुम्ही गुडघ्याच्या उपचाराला प्रज्ञाकडे पुण्याला होतात. मुख्याध्यापकांनी फोन करून तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, कागद टाकू नका. मग मीच सुचवलं की सगळे स्कॅन करून टॅबवर घेतो, जागाही लागणार नाही आणि फाटणारही नाहीत. तुम्हाला ते पटलं. तुम्ही फोनवर मला म्हणालात, "मग बरंच झालं की. तुझ्या मशीनचा एक उपयोग मला पटला."

मी एक दुपार बसलो. एकेक कागद जमिनीवर ठेवायचा, वाकून फोटो काढायचा, बाजूला ठेवायचा. एक्केचाळीस कागद झाले आणि वीज गेली. पंखा बंद झाला. पाठ भरून आली होती. तेवढ्यात रद्दीचा टेम्पो आला. शाळेची जुनी रजिस्टरं न्यायला तो यायचाच होता. टेम्पोवाला आत डोकावला, पसारा बघितला आणि म्हणाला, "सर, तुमचं चाललंय का? पुढच्या आठवड्यात येऊ का?"

मी म्हणालो, नको, भर.

एवढंच झालं. कुणी मला घाई केली नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या शाळेचे शिपाई पोपटमामा गठ्ठे उचलून टेम्पोत ठेवत होते. त्यांनी एकदा विचारलं, बाईंचं हाय ना ह्ये? मी म्हणालो, फोटो काढलेत मामा. पुठ्ठे जाड होते म्हणून टेम्पोवाल्यानं ते वेगळे काढले आणि त्याची सीट उसवली होती तिच्यावर टाकले.

जूनमध्ये तुम्ही आलात, नवा रंग बघितलात, कपाटाची जागा बघितलीत. "सगळे घेतलेस ना?" मी म्हणालो, "सगळे, बाई." मग तुम्ही दोन-तीनदा दाखव म्हणालात. एकदा मी टॅब बिघडलाय म्हणालो. एकदा पासवर्ड. नंतर तुम्ही विचारायचं सोडलंत. तुम्ही विसरलात असं मी धरून चाललो.

गणपतीनंतर तुम्हाला झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी पहिल्यांदा भेटायला आलो तेव्हा तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात. तुमचे यजमान, आप्पा, तुमच्या पायाला तेल लावत होते. रेल्वेतून रिटायर झालेला तो माणूस, आयुष्यभर कुणापुढे मान वाकवली नाही असं तुम्ही सांगायचात. तुम्ही सावकाश, शब्द जुळवत मला म्हणालात, "पुढच्या ऐतवारी ते कागद आण. टॅबवर. बघते."

मी एक्केचाळीस कागद घेऊन आलो. तुम्ही डाव्या बोटानं एकेक पुढं सरकवत होतात. प्रत्येकाशी थांबत होतात. एक्केचाळिसावा झाला. तुम्ही बोट आणखी एकदा सरकवलंत, पडदा हलला नाही. "पुढं?"

मी म्हणालो, बाकीचे दुसरीकडे आहेत, इथं नेट नाही.

खिडकीतून स्टेशनची घोषणा ऐकू येत होती. तुम्ही ती पुरी होऊ दिलीत. मग म्हणालात, "बरं. मग आठवतंय तेवढं लिहू या."

आणि साडेतीन महिने आपण तेच केलं. तुम्ही आठवून सांगायचात, मी टॅबवर एक कोरं पान उघडून समोर धरायचो, आणि तुम्ही डाव्या बोटानं ती चूक त्या पोराच्या वळणानं लिहायचात. पहिल्या दिवशी एक वजाचं चिन्ह काढायला तुम्हाला किती वेळ लागला. पेन तुमच्या डाव्या हातात ठरत नव्हतं, कागद सरकायचा. पडद्यावर बोट मात्र चालायचं. पुसता यायचं, मोठं करता यायचं. तुम्ही म्हणालात, "कागद असता तर हे झालं नसतं माझ्याच्यानं." मी खाली बघत होतो. कागद असते तर हे करावंच लागलं नसतं.

तुम्हाला पोरांची नावं आठवत होती. ही मांडवगणच्या शिंप्याची लेक, कंस सोडवताना वजा आत न्यायला विसरायची, आता शिरूरला बँकेत आहे. हा तळेगाव ढमढेऱ्याहून मामाकडे शिकायला आलेला, शून्यानं भागून मोकळा व्हायचा. हा आता ट्रक चालवतो आणि अजून दिवाळीला फोन करतो. तुम्हाला धाप लागली की आप्पा म्हणायचे, बास आता. तुम्ही म्हणायचात, एक राहिलाय. जाताना दर वेळी तुम्ही मला विचारायचात, "काही राहिलंय का रे संदीप?" मी टॅबवर बघून सांगायचो. अपूर्णांक झाले बाई, वर्गसमीकरणं निम्मी राहिलीत.

शेवटच्या रविवारीही विचारलंत. मी म्हणालो, ऋण संख्यांचं तेवढं राहिलंय. तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंत. "मग पुढच्या ऐतवारी," म्हणालात. गुरुवारी तुम्ही गेलात.

परवा विधी झाला, माणसं जेवली, पांगली. मी खुर्च्या आवरायला थांबलो. मांडव निम्मा सुटला होता. आप्पा ओट्यावर एकटेच बसले होते. मी त्यांच्याजवळ गेलो आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. की कागद मी रद्दीत घातले. की नेटचं खोटं होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"तिला म्हाईत होतं," आप्पा म्हणाले. "शाळा उघडली त्याच दिवशी पोपटनं सांगितलं तिला. घरी येऊन जेवली न्हाई ती त्या दिवशी."

मी म्हणालो, मग मला विचारलं का नाही कधी?

"मी म्हणलं होतं, विचार त्याला तोंडावर. तर म्हणली, विचारलं तर तो व्हय म्हणंल, आन् मग यायचा बंद हुईल. त्याचं त्याला बोलू दे." आप्पा मांडवाच्या दोरीची गाठ सोडत होते. "तू ऐतवारी गेलास का मी विचारायचो, बोलला का? ती म्हणायची, न्हाई अजून."

बाई, मी मोजलं. चौदा रविवार होतात. चौदा वेळा तुम्ही आप्पांना 'न्हाई अजून' म्हणालात आणि पंधराव्यासाठी मला बोलावलंत. मला वाटत होतं की मी येतोय ते तुमच्यासाठी. चुका लिहून घेतोय ते तुमच्यासाठी. तुम्हाला विरंगुळा होतोय असं मी बायकोला सांगायचो.

आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला आतून डबा आणून दिला, उरलेली खीर घातली आणि गाडी सावकाश चालव म्हणाले. भीमेच्या पुलावर मी गाडी थांबवली. इथं तरी काहीतरी होईल असं वाटलं. काही झालं नाही. पाणी बघितलं, उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या, निघालो.

काल दिवसभर नेहमीसारखे तास घेतले. आज दहावीचा तास होता. टॅबची पेटी वर्गात नेली, पण उघडली नाही. पोरं वाट बघत होती. मी म्हणालो, आज एक सांगायचंय. आणि सांगितलं. खोलीत पूर्वी एक कपाट होतं. त्यात तुमच्या आधीच्या पोरांच्या चुका होत्या, कुणाच्या आईच्या, कुणाच्या चुलत्याच्या. साळवे बाईंनी त्या तीस वर्षं सांभाळल्या होत्या. मी त्या एका दुपारी टेम्पोत भरल्या, कारण मला कंटाळा आला होता. बाईंना सांगितलं, सगळ्या आहेत. त्या नव्हत्या. बाईंनी त्यातल्या एकसष्ट आठवून परत लिहिल्या, डाव्या हातानं, आणि मी समोर बसून टॅब धरला, पण खरं सांगितलं नाही. आता बाई नाहीत.

बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. लसावि सांगावा तसा. मी खडू उचलला, आता काय लिहावं ते कळेना, परत ठेवला.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून ऋतुजानं हात वर केला. सरळ मुलगी आहे, तुमची लाडकी. वर्गात जे सांगतील ते सगळं टिपून घेते. तिनं विचारलं, "सर, हे वहीत लिहायचं का?"

कुणी हसलं नाही. तिनं खरंच विचारलं होतं.

मी म्हणालो, हो. लिहा.

सदतीस पोरांनी दप्तरं उघडली, वह्या काढल्या आणि खाली माना घालून लिहायला लागली. कुणीतरी शेजारच्याला हळूच विचारलं, कितव्या ओळीपासून? कुणी वर तारीख घातली. पेनांचा तो आवाज, बाई, मी दोन वर्षं ऐकला नव्हता. मी खुर्चीवर बसलो. चष्मा काढून टेबलावर ठेवला. घंटा झाली तरी मला उठता येईना, आणि पोरं लिहीतच होती.